उरलेली आई

“आई कुठाय?” मेरेआनाने दारातूनच विचारलं.

प्रयोगशाळेत बसलेली पांढऱ्या कोटातली, टोंगा बेटांवरची पोरगी उठून उभी राहिली. लोसे तिचं नाव. पत्र तिनंच पाठवलं होतं. चार वर्षांपूर्वी तुमच्या आईच्या पोटातल्या गाठीचा एक तुकडा आम्ही त्यांच्या सहीनं घेतला होता, तो परत हवा का?

हवा का, म्हणे. पत्र वाचल्यापासून मेरेआनाच्या जिवाला थारा नव्हता. गेलेलं माणूस मातीआड होईपर्यंत त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, ही मेरेआनाच्या लोकांची रीत. आई गेली तेव्हा तीन दिवस, तीन रात्री ती तिच्या उशाशी बसली होती. आणि आईचा एक तुकडा इकडे ऑकलंडात, परक्यांच्या कपाटात, चार वर्षं एकटा पडला होता. सहा तास गाडी हाकत ती त्याला घरी न्यायला आली होती. हातात स्वतः विणलेली टोपली. गाडीत पाण्याची बाटली, मयताजवळून उठल्यावर हातांवर शिंपडायला. तहान लागली तरी ते पाणी प्यायचं नाही. मयताच्या सोबतीला असताना तोंडात काही घालत नाहीत.

“मावशी, नेण्याआधी एकदा बघता का?” लोसे म्हणाली.

मेरेआनाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बाटलीत काहीतरी सुकलेलं, काळपट असेल, असं तिला वाटलं होतं. तर आत गोल उजेड, आणि उजेडात काचेसारखे ठिपकेच ठिपके. त्यांतला एक हळूहळू फुगला. गोल झाला. कमरेत आवळला. किती वेळ गेला कोण जाणे. बघता बघता एकाचे दोन झाले, आणि दोघे शांतपणे शेजारी पहुडले.

“हे हलतंय गं.”

“जिवंतच आहेत त्या पेशी. शहाणी पेशी शेजारणीला टेकली की पुरे म्हणते आणि तिचा हात धरून गप्प बसते. आजींच्या पेशींचा तो हात जन्मापासून कच्चा. एक दिवस सुटला. मग थांबायचं राहूनच गेलं.”

“ती कुठं कधी थांबायची,” मेरेआना म्हणाली. “शंभर माणसं जेवून उठली तरी ही आपली बटाटे सोलतेय.” बोलता बोलता तिला हसू आलं, आणि हसल्याचाच राग आला. “मला हिला घरी न्यायचंय.”

“देते. पण आधी औषध घालून त्यांना थांबवावं लागेल.”

मेरेआनाने टोपली जवळ ओढली. आईला पुन्हा एकदा मारून न्यायचं. नाहीतर इथं एकटीला सोडून जायचं.

“चार वर्षं हिच्याजवळ कोण होतं?”

“मी,” लोसे म्हणाली. “दर तिसऱ्या दिवशी जेवू घालावं लागतं. नाताळातसुद्धा येते. येते तेव्हा ‘आजी, उठा’ म्हणते.” ती जरा घुटमळली. “सही घ्यायला इस्पितळात मीच गेले होते. आजी म्हणाल्या, नातीच्या पोटात हेच निघालं तर औषध शोधायला माझं काहीतरी हाताशी असू दे. पण मेरेआनाला एवढ्यात सांगू नकोस. ती तिथंच चटई टाकून बसेल.”

नात म्हणजे मेरेआनाची लेक. एकोणीस वर्षांची. तो कच्चा हात तिच्याकडेही आला होता. गेल्याच महिन्यात रक्ताच्या तपासणीत निघाला होता.

मेरेआनाने खुर्ची सूक्ष्मदर्शकाजवळ ओढली. तिने पुन्हा डोळा लावला आणि तशीच बसून राहिली. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत जमिनीवर आलं. उजेडात कोणीतरी फुगत होतं, दोन होत होतं. डोळे भरून आले तेव्हा तिने ते पुसले नाहीत.

उठली तेव्हा टोपली तिने टेबलावरच ठेवली.

“आज जेवायचा दिवस आहे का हिचा?”

“हो, मावशी.”

“मग घाल जेवायला. पुढच्या वेळी मी चटई घेऊन येते.”

गाडीपाशी आल्यावर तिने सवयीनं बाटली उघडली आणि हात पुढे केला. मग थांबली. बाटली तोंडाला लावली, आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.