उगवेपर्यंत

अकराव्या दिवशी सकाळी पार्वताबाईंना अंगणात हिरवं दिसलं. ओट्यावरून उतरून त्या उकिडव्या बसल्या. तळहात जमिनीलगत धरला, तर कोंबांची टोकं हाताला लागली. उगवलं होतं.

अमरावतीच्या नव्या बंगल्यासमोर लॉनचं बी पेरलं, तेव्हाच मुलानं, अंकुरनं, सांगितलं होतं, "हे उगवेपर्यंत थांब, आई. मंग जाय गावाले." तो आणि सून आचल सकाळीच क्लासवर शिकवायला जात. कुत्री शिरून बी उकरतात म्हणून फाटकाला बाहेरून कुलूप लागे. पार्वताबाई दिवसभर चिमण्या हाकत. बी वाहून जाऊ नये म्हणून झारीनं हलकं पाणी शिंपडत. जन्मभर त्यांनी कपाशीतलं गवत निंदून काढलं होतं, आता गवत राखत होत्या. कधी हसू यायचं, पण सांगायचं कोणाला?

त्या कोंब बघत होत्या, तेवढ्यात अकोल्याकडच्या गावाहून शेजारच्या शकीलाचा फोन आला. "बाई, तुमची बकरी व्याली. दोन पाठी झाल्या. कवा येऊन राहिल्या?"

"आजच निघतो वो," पार्वताबाई म्हणाल्या. "उगवलं माह्यं!"

दोन लुगडी पिशवीत कोंबून त्या ओट्यावर बसून राहिल्या. ऊन भिंतीवर चढलं, उतरलं. पाच वाजता अंकुर आणि आचल आले; आचल आत गेली. हिरवं पाहून अंकुर हरखला, मोबाइलवर चार फोटो काढले.

"मले अकोल्याच्या गाडीत बसवून दे," त्या म्हणाल्या.

"आता? आई, खरं काम तर आताच हाये. दोन टाइम पाणी लागते याले. आमी दोघंही दिवसभर बाहीर."

पार्वताबाईंनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. बकरीची पिल्लं महिनाभर आईपाशीच राहतील, शकीला बघेल. "बरं," त्या म्हणाल्या. "काढनीपरेंत थांबतो. कवा येते हे काढनीले?"

अंकुर मोठ्यानं हसला.

"लॉनची काढनी नसते, आई. वाढलं की कापाचं, कापलं की पुन्हा वाढते."

"मंग संपते कवा?"

"संपत नाई ना. तेच तर त्याचं चांगलं हाये."

हसतच तो आचलला हे सांगायला आत गेला.

अकोल्याची गाडी साडेसहाला होती. किती वाजले, हे पार्वताबाईंनी कोणाला विचारलं नाही.