अपघातमुक्त दिवस

चाकणच्या आमच्या कंपनीत सुपरवायझरने पाळलेली मांजर पॅकिंगच्या खोक्यात व्याली होती. मी खोकं उचलायला गेले आणि तिने माझा हात ओरबाडून रक्त काढलं. नळाखाली साबणाने जखम धूत होते, तेव्हा सुपरवायझर मागे आला. “किती वेळ, वर्षाली? लाइन थांबलीय. हळद लाव आणि चल.” “सर, पंधरा मिनिटं धुवावं लागतं. मग दवाखान्यात रेबीजचं इंजेक्शन घेणार.” त्याने भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं. ‘अपघातमुक्त दिवस’ याखाली भलामोठा आकडा होता. उद्या तिथे मालकांचा फोटो निघणार होता. “जा, पण घरी विळी लागली म्हणून सांग.” माझं डोकं सणकलं. “विळी लागली म्हटल्यावर रेबीजचं इंजेक्शन कोण देईल?” मी साबणाच्या हाताने फळ्यावरचा आकडा पुसला आणि मार्कर त्याला दिला. “शून्य लिहा, सर. मी मांजरच सांगणार.”