पासाशिवाय आत नाही

“पास दाखवा, ताताय.”

क्रिस्पुलो म्हाताऱ्याने शर्टाचा खिसा चाचपला. मग पँटचे दोन्ही. मग पुन्हा शर्टाचा.

विमानतळावर तपासणीच्या दाराशी उभी जोव्हेलिन गणवेशात होती खरी, पण पोरगी इथल्याच पानाय बेटावरची. म्हाताऱ्याला पाहताच तिने बापाला म्हणावं तसं ‘ताताय’ म्हणत, रिवाजाप्रमाणे वाकून त्याचा हात आपल्या कपाळाला टेकवला होता, वर बघून हसलीही होती. आता मात्र चेहरा दगडी.

“आत्ता तर काउंटरवर दिला गं मला!”

“दिला असेल. माझ्या हातात कुठाय?”

मनिलाचं विमान सुटायला पाऊण तास होता. तिथून पुढे कॅनडा. लेक मारिविक सहा वर्षांपूर्वी तिकडे गेली ती गेलीच. आता बापालाही कायमचं बोलावलं होतं, तिकीट तिनेच धाडलं होतं.

“सोड ना पोरी, इनदाय. मी काय चोर दिसतो?”

“बिशप आले तरी पासाशिवाय आत नाही. खोक्यात बघा.”

दोरीने आवळलेलं खोकं तिथेच सुटलं. सुकी मासळी, कोळंबीची चटणी, घडीही न मोडलेला लोकरी स्वेटर. पास नाही. मागच्या रांगेने नाकं दाबली.

“घामाघूम झालात, आजोबा. टोपी काढून वारा तरी घ्या,” मागचा गृहस्थ म्हणाला.

“टकलाला ऊन लागतं.”

“छताखाली?”

“टक्कल कुणाचं? माझं ना?”

जोव्हेलिनने खोकं बाजूला सरकवलं. “काउंटरवर जा, दुसरा छापून देतील. पण सावकाश हं, गुडघा सांभाळा.”

म्हातारा सावकाश गेला. इतका सावकाश, की वाटेत बाकावर बसून एक कॉफी झाली, काउंटर ओलांडून जाऊन माघारी वळावं लागलं, आणि तिथे पोचला तेव्हा काउंटरवर चिटपाखरू नव्हतं.

परत आला तर जोव्हेलिन खोक्याला गाठ मारत होती.

“घरी कोण असतं?”

“कोंबडा. शेजाऱ्याकडे ठेवलाय, संध्याकाळपुरता मका देऊन.”

काचेपलीकडे विमान हललं, धावलं, उडालं. म्हाताऱ्याने फोन लावला.

“पोरी, काय करू? पासाशिवाय सोडतच नाहीत. फार कडक बाई आहे… रडू नको गं. नाताळात तूच ये… खरंच? सगळ्यांना घेऊन? घे शपथ!”

फोन खिशात गेला तेव्हा त्याचे डोळे ओले होते, पण तोंडभर हसू होतं. जोव्हेलिनने पुन्हा वाकून त्याचा हात कपाळाला टेकवला.

“माफ करा, ताताय. नियमच तसा आहे.”

“तुझा काय दोष, इनदाय? चूक माझीच.”

“आणि टोपी जरा घट्ट बसवा,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “मघाशी वाकले तेव्हा पासाचं नुसतं टोक दिसत होतं. आता तुमचं नावसुद्धा वाचता येतंय.”