दहाचा वेग

"नो सच डिव्हाईस," अजिमने पडद्यावरची ओळ वाचली. "नंदूभाऊ, म्हणजे काय?"

"असं कार्डच नाही म्हणतोय."

"आत्ता तर बसवलं की राव! माझ्या हाताची धूळ अजून गेली नाही."

निघोज्याच्या त्या कारखान्यात तेलपंप तपासायचं एक जुनं मशीन होतं. शेजारच्या कॉम्प्युटरला ते केबलने जोडलेलं होतं. सकाळी वीज गेली, झटक्याने परत आली आणि कॉम्प्युटरमधलं नेटवर्क कार्ड जळलं. अजिम कंपनीचा इलेक्ट्रिशियन. त्याने नवं कार्ड बसवून दिलं होतं. पण मशीनला फक्त दहाचा, म्हणजे माहिती पाठवायचा जुना संथ वेग कळायचा. कार्ड आपला वेग आपणच ठरवायला जायचं आणि दोघांचं जुळायचं नाही. म्हणून कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला की दर वेळी कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून बजावावं लागे, की दहानेच चाल.

तपासणीचा रिपोर्ट निघाल्याशिवाय चाकणला जाणारी गाडी हलणार नव्हती. ड्रायव्हर दोनदा येऊन विचारून गेला होता.

हे काम कंपनीत फक्त नंदकिशोरला यायचं. अकरा वर्षं तोच करत होता. एका हाताने टाइप करायचा आणि दुसऱ्या हाताने मोबाईल कानाला धरायचा.

"आज वहिनी..." अजिम बोलता बोलता थांबला. पूर्वी तो चिडवायचा. मशीन बंद, मालक डोक्यावर, आणि तुम्ही बायकोशी गप्पा मारताय! नंदकिशोर हसून म्हणायचा, "तिचा फोन नाही घेतला तर घरी जेवण नाही, भावा."

शुभदाला जाऊन चार महिने झाले होते.

फोन तिचा नसायचाच. तो लावायचा. शुभदा एका कंपनीत हेच काम करत होती. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा तिने नोकरी सोडली. त्यानेच सोडायला लावली. मग चिखलीच्या दोन खोल्यांतून, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना, ती त्याला एकेक अक्षर सांगायची. तो "हो, जेवलो, भाजी चांगली होती" म्हणत ते टाइप करायचा.

"अजिम, चहा सांगून ये."

"मला हाकलताय?"

"हो."

अजिम गेला. नंदकिशोरने खिशातली वही काढली. तिने सांगितलेल्या आज्ञा त्यात उतरवलेल्या होत्या. चार वेळा त्याने तीच आज्ञा टाइप केली. चारही वेळा तेच उत्तर आलं. घाम पुसून त्याने मागे पाहिलं. काचेपलीकडे दोन ऑपरेटर हात बांधून उभे होते. नंदूभाऊ करतील, या भरवशावर.

फोन लावला की ती आधी एकच गोष्ट म्हणायची. अहो, समोर काय दिसतंय ते वाचा. तो चिडायचा. तू फक्त सांग, म्हणायचा.

आता सांगणारं कुणी नव्हतं. त्याने कॉम्प्युटरमधल्या कार्डांची यादी काढली आणि पहिल्या ओळीपासून वाचली. तिसऱ्या ओळीत एक अनोळखी, लांबलचक नाव होतं. वहीतलं नाव जळालेल्या कार्डाचं होतं. त्याने आज्ञेत जुन्याच्या जागी नवं नाव घातलं. वेग दहा. आपोआप ठरवणं बंद. एंटर.

केबलच्या टोकाचा हिरवा दिवा लुकलुकला. थोड्या वेळाने प्रिंटर खरखरला.

ऑफिस सांभाळणाऱ्या मंजुषा मॅडम रिपोर्ट न्यायला स्वतः खाली आल्या. "नंदकिशोर, आज केलं ते सगळं एका कागदावर लिहून द्या. इथे भिंतीवर लावू. खाली तुमचं नाव."

"फोटोपण लावा मॅडम," चहा घेऊन आलेला अजिम म्हणाला. "हार मी आणतो... म्हणजे, सत्काराचा हो!"

ऑपरेटर हसले. नंदकिशोरने चहा तसाच टेबलावर ठेवला. गाडी गेटबाहेर पडल्यावर तो मॅडमच्या केबिनमध्ये गेला.

"कागदावर माझं नाव नको."

"मग कुणाचं?"

"माझ्या बायकोचं. शुभदाचं." कंपनीत तिचं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं. "आजचं मी केलं. आधीचं सगळं तिने केलं, फोनवर सांगून. मी जेवणाच्या गप्पा मारतोय असं दाखवायचो. मागे मंदीत सात जणांना काढलं आणि मला ठेवलं, ते याच कामावर. ते काम माझं नव्हतं, मॅडम. तेराव्याला तुम्ही सगळे घरी आलात. तिच्या फोटोसमोर बसून मशीनबद्दल माझं कौतुक केलंत. तेव्हाही माझ्याने बोलवलं नाही. मला फार लाज वाटते. काढायचं असेल तर काढा."

मॅडमनी खुर्ची दाखवली. तो बसला नाही. त्यांनी कपाटातून त्याची फाईल काढली.

"यादी आठ जणांची होती," त्या म्हणाल्या. "तिसरं नाव तुमचं होतं. त्या आठवड्यात तुमची रात्रपाळी होती. दिवसा तुम्ही झोपला होतात, तेव्हा शुभदाताई बस धरून इथे आल्या."

त्यांनी एक कागद त्याच्यापुढे सरकवला. अक्षर शुभदाचं होतं.

'यांना कामावरून कमी करू नये. मशीन बंद पडल्यास मी कोणत्याही वेळी फोनवर सांगून चालू करून देईन. त्याचे पैसे नकोत. फोन मला करतात हे ते कुणाला सांगत नाहीत. आपणही माहीत नसल्यासारखे राहावे, ही विनंती.'