घड्याळजीचं नाव

“बायना, तुझ्या माळंतली एक पुतळी तोड गं. म्हातारीच्या तोंडात सोनं पडू दे,” चतुराबाई म्हणाली. ती म्हातारीची जाऊ.

बायनाबाईनं गळ्यातली पुतळ्यांची माळ काढली, विळीवर दोरा कापला. घाई केली नाही. वीस वर्षं कळ काढली होती, तिथं घटकाभराची काय मातबरी. एक पुतळी तिनं चिंचेच्या कोळानं घासायला घेतली.

“सोन्याला चिंच कशाला गं?”

“सवय हाय,” बायना म्हणाली, आणि ती पुतळी बाजेवर पडलेल्या सासूच्या, पार्वतीबाईच्या डोळ्यांपुढं धरली. म्हातारीनं तोंड फिरवलं.

माळ पितळेची होती, हे त्या घरात दोघींनाच ठाऊक. लग्नात सासूनं ती भर मांडवात सुनेच्या गळ्यात घातली तेव्हा अख्खं झरी गाव म्हणालं, सासू असावी तर अशी. त्या एका माळेवर म्हातारीनं जन्मभर मोठेपणा मिरवला. सेलूच्या सोनारानं दुसऱ्याच वर्षी बायनाला खरं काय ते सांगितलं. ती जाब विचारायला गेली तर सासू शांतपणे म्हणाली, “कर की बोभाटा. सोनं माहेरी पोचवलंस अन् पितळ घातलंस म्हणून सांगते. गाव कोणाचं ऐकंल?”

हे सांगायला ज्योतिषी नको होता. बायना गप्प बसली आणि सणासुदीला दार लावून माळ घासत राहिली.

तिचा भाऊ दत्तराव परभणीत इंग्रजी शिकवायचा. एकदा त्याच्यापाशी रडली, तर तो म्हणाला, “इंग्रजीत असल्या मालाला पिंचबेक म्हणतात, अक्का. लंडनात त्या नावाचा घड्याळजी होता. तांब्यात जस्त मिसळून हुबेहूब सोन्यावाणी करायचा. पण विकताना सांगायचा, हे सोनं न्हाई म्हणून. पुढं लबाडांनी तसलाच माल सोनं म्हणून खपवला. अन् साऱ्या खोट्या थाटाला नाव पडलं त्या घड्याळजीचं.”

“अन् लबाडांची नावं?”

“ती कोणाच्या ध्यानात ऱ्हातात?”

ते बायनाच्या डोक्यात घर करून बसलं. आता तिची पोर लग्नाला आली होती. माळ मोडायला सोनाराकडं जाणार, पितळ निघणार, आणि तोवर म्हातारीची राख झालेली असणार. मग चोर कोण? घड्याळजीच.

“लेकीची वाट बघायलीय,” चतुराबाई म्हणाली. म्हातारीची नजर दाराकडं होती. पण विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं सेलूहून एकही एस.टी. सुटली नव्हती. कमल येणार नव्हती.

“तोंड उघडा, आत्याबाई. तुमच्याच हातचं सोनं हाय,” बायना लाडानं म्हणाली.

म्हातारीनं दात आवळले. चतुराबाई कळवळली. “घे बाई. सोन्याबिगर गती न्हाई.” किशनरावानं, बायनाच्या नवऱ्यानं, आईची हनुवटी धरली. पुतळी ओठाला टेकली.

“नको,” म्हातारी पुटपुटली. “पितळ हाय ते.”

बाजेभोवती रडत बसलेल्या बायका थांबल्या. किशनराव बायकोकडं बघायला लागला. याच नजरेला ती वीस वर्षं भ्यायली होती. तिनं हात आपल्या नाकातल्या फुलीवर नेला, म्हातारीला दिसेल असा. फुली माहेरची, गुंजभर, पण खऱ्या सोन्याची.

“पितळ कोणी घातलं, आत्याबाई? तेबी सांगा.”

म्हातारीचे डोळे फुलीवरून हलेनात.

“म्या घातलं,” ती म्हणाली. “खरी माळ कमलला दिली.”

“मोठ्यानं सांगा. मागच्यायला ऐकू आलं न्हाई.”

म्हातारीनं पुन्हा सांगितलं. चतुराबाईनं तोंडाला पदर लावला. किशनरावानं मान खाली घातली. बायनाला लय बरं वाटलं. मरत्या माणसाला छळल्याची लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

म्हातारी तोंड उघडून वाट बघत होती.

“दे गं बायना फुली,” चतुराबाई हळूच म्हणाली. “झालं गेलं.”

बायनाबाईनं फुलीवरचा हात काढला. अंगणात गेली, तुळशीचं एक पान खुडून आणलं आणि सासूच्या जिभेवर ठेवलं.

“घ्या, आत्याबाई,” ती म्हणाली. “हे घासून बघायला सोनार लागत न्हाई.”