जुन्या विहिरीकडचं तेल

मुनसिफ व्यापाऱ्याचा दुसरा दात घाण्याच्या दगडाजवळ पडला, तेव्हा कुठे शेदलियाने जावयाला हात आवरायला सांगितला.

"तोंड शाबूत ठेव त्याचं. बोलायला लागेल."

लसाद मागे सरला, पण दुनळी बंदूक त्याने व्यापाऱ्याच्या छातीवरून हलवली नाही. मुनसिफला खांबाला बांधलं होतं, ऑलिव्हची पोती बांधायच्या दोरानेच. चार महिन्यांपूर्वी शेदलियाचा नवरा तिजानी याच दगडापाशी डोकं फुटलेला सापडला होता, आणि बारा डबे तेल गायब होतं. जुन्या विहिरीकडच्या त्यांच्या अकरा झाडांचं, वर्षाचं सगळं. तेव्हापासून शेदलिया दुकानातल्या सूर्यफुलाच्या तेलात भाजी करत होती आणि घासाघासाला खुन्याला शिव्या घालत होती.

आजची बातमी लसादनेच आणली. लेक वारली तरी या जावयाने ये-जा सोडली नव्हती. बाजारात मुनसिफचे डबे आलेत, तो म्हणाला. लेबलवर आपल्या डोंगरउताराचं नाव, पहिला दर्जा.

शेदलियाला लेबल वाचता येत नव्हतं. तेल वाचता येई. एका घोटात ती सांगे, कुठल्या उताराचं, खायचं की दिव्यात घालायचं. तिच्यापुढे शहाणपणा करायची पंचक्रोशीत कुणाची छाती नव्हती.

"बाईसाहेब, लेबल खोटंय," मुनसिफ रक्त थुंकत म्हणाला. "किनाऱ्यावरचं शिळं तेल आहे ते. चोर म्हणा मला. खुनी नाही मी."

"आता असंच म्हणणार," लसाद सासूला म्हणाला. "उम्मी, चाखायचं कशाला? तेल ते तेल. घालतो गोळी."

"तू शहरातला, तुला तेल ते तेलच. आधी माझी जीभ, मग तुझी बंदूक."

तिने मुनसिफच्या डब्यातल्या तेलाचा पेला तळव्यात धरून ऊब दिली, वरून हात झाकला, मग वास घेतला आणि घोट सुर्रकन ओढला. मुनसिफ तिच्या गळ्याकडे बघत राहिला. विहिरीकडचं तेल घशाला उशिरा चावतं आणि तीनदा खोकायला लावतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. दुसऱ्या कुठल्याच झाडांचं तसं नव्हतं.

शेदलियाचा चेहरा कोरा होता. घशाला चावा येतो का, याची ती वाट बघत होती.

"अजून एक घोट घेते. जीभ पुसायला भाकर दे."

लसादने नजर न हलवता डाव्या हाताने आपल्या दुपारच्या गाठोड्यातली तेलात मळलेली भाकर काढली, तुकडा मोडून दिला. ती सावकाश चावत राहिली. पेला उचलला, ओठांपर्यंत नेला, आणि तिथेच तिला खोकला आला. एकदा. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा.

मुनसिफ दोरावर लोंबकळत आईला हाका मारू लागला.

"तीन," लसाद म्हणाला.

"मोजलेत मी." शेदलियाने पेला खाली ठेवला. "नवरा माझा होता. हातही माझाच लागेल. दे इकडे."

लसादने हसून दुनळी दिली. तिने दोन्ही नळ्यांत काडतुसं आहेत ना, ते बघितलं आणि घोडा मागे ओढून चढवला.

"छातीत घाला, उम्मी."

"छातीतच घालते," म्हणत तिने नळी लसादकडे वळवली. "पेल्यातल्या तेलाने नाही खोकले मी, जावईबापू. तुझ्या भाकरीतल्या."