डाव्या बाजूचं चित्र

लेनर्ड थर्टलनं खोका उघडून लाकडी विमान अलगद टेबलावर ठेवलं, तेव्हा मेव्हिस लार्टरनं आधी चष्मा पुसला. मग वाकून ती विमानाच्या नाकाकडे बघत राहिली. डावीकडून बघितलं, हलक्या हातानं विमान फिरवून उजवीकडूनही बघितलं.

"इथं तर काहीच नाही," ती म्हणाली.

"म्हणून तर आलो तुमच्याकडे. तुम्ही सांगाल तसं रंगवीन."

मेव्हिसनं चष्मा काढून हातात धरला. "मला वाटलं, तुम्ही चित्र घेऊन आलात."

खिडकीबाहेर बीटाच्या शेतातून ट्रॅक्टर जात होता. दुसऱ्या महायुद्धात तिथंच अमेरिकन बाँबर विमानांचा तळ होता, आणि तिथली सैनिक पोरं आपापल्या विमानाच्या नाकावर बायकांची चित्रं काढायची. टेलिफोनच्या तारा जोडण्याच्या नोकरीतून लेनर्ड निवृत्त झाला, पाठोपाठ बायको आयरीन वारली, आणि मग रिकाम्या घरात तो त्या तळावरचं एकेक विमान लाकडातून घडवायला बसला. अमेरिकेतल्या म्हाताऱ्या वैमानिकांना लिहून, जुने फोटो मागवून त्यानं प्रत्येक चित्र मिळवलं होतं. राहिलं होतं ते एकच, 'मेव्हिस' नावाचं. त्याचा एकच फोटो मिळाला, तोही उजव्या बाजूचा. चित्र असायचं डावीकडे. ती मेव्हिस अजून जिवंत आहे, शेजारच्याच गावात राहते, हे त्याला परवा दारूच्या गुत्त्यावर कळलं.

"तुम्ही कधीच बघितलं नाहीत ते?" त्यानं विचारलं.

"कुठून बघणार? कुंपण होतं, पहारा होता. मी आणि आई त्या पोरांचे कपडे धुवायचो. डेल म्हणून एक होता, तो गठ्ठा घेऊन यायचा आणि फाटकाशी बोलत उभा राहायचा. एकदा माझा फोटो मागितला. मी दिला नाही. तर म्हणतो, नको देऊस, लक्षात आहेस तू."

"मग?"

"मग काय, गावभर झालं. डेलनं विमानावर मेव्हिस काढलीय, अंगावर चिंधी नाही म्हणे. ज्यांनी बघितलं नव्हतं, त्यांनाच जास्त तपशील माहीत." ती किंचित हसली. "अहो, त्यानं माझ्या कोपरापर्यंतच्या हातांव्यतिरिक्त काही बघितलं नव्हतं. तेही साबणानं भरलेले."

लेनर्डनं मान खाली घातली. उघड्यावाघड्या पोरी त्यानं बारीक कुंचल्यानं किती रंगवल्या होत्या. त्यांच्यातली एखादी कुठं तरी म्हातारी होत असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

"वडील माझ्याकडे न बघता जेवायला लागले," मेव्हिस सांगत होती. "ज्याच्याशी लग्न ठरलं होतं, त्यानं अंगठी परत मागितली. स्वतः नाही आला, बहिणीला पाठवलं. मी ठरवलं, डेल आला की विचारायचं, बाबा रे, खरं काय काढलंयस ते सांग. पण मार्चमध्ये ते विमान गेलं, ते गेलंच." तिनं कपाकडे हात नेला आणि तसाच मागं घेतला. चहा निवला होता. "तुमचा निरोप आला तेव्हा वाटलं, चला, मरायच्या आधी बघायला तरी मिळेल."

लेनर्ड विमान कापडात गुंडाळू लागला. चुकीचं रंगवण्यापेक्षा कोरं ठेवलेलं बरं, हा त्याचा नेम होता.

"एवढ्यात निघालात? केक तरी संपवा. माझ्याकडे कोण येतंय खायला."

"माझ्याकडेही दूधवालाच येतो फक्त."

"बोलतो तरी का?"

"बाटल्या ठेवून जातो."

मेव्हिसनं केकचा दुसरा तुकडा त्याच्या बशीत ठेवला. त्यानं तो खाल्ला. मग कापड सोडून विमान पुन्हा टेबलावर ठेवलं, डावी बाजू तिच्याकडे करून, आणि खिशातून पेन्सिल आणि घडीचा कागद काढला.

"तुम्हीच सांगा, काय काढू."

"मी सांगेन ते खरं नसेल."

"खरं काय होतं, ते सांगणारं आता कुणी उरलं नाही, मिस लार्टर."

ती बराच वेळ त्या कोऱ्या नाकाकडे बघत बसली. कोणी तरी समोर बसून आपल्या तोंडाकडे बघतंय, याची तिला सवय राहिली नव्हती. ती मधूनच केस कानामागं सारत होती. लेनर्डही आयरीननंतर कोणाच्या चेहऱ्याकडे इतका वेळ बघत बसला नव्हता.

"तिथं वर फार थंडी असते ना हो?" तिनं विचारलं.

"हाडं गोठतात म्हणे."

"मग कोट घाला तिला."

"कसला कोट?"

मेव्हिस उठली. दाराजवळच्या खुंटीवरून तिनं आपला करड्या लोकरीचा कोट काढला, अंगात घातला, खालपासून गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली, आणि खिडकीच्या उजेडात खुर्ची ओढून ताठ बसली.

लेनर्डची पेन्सिल कागदावर टेकली.

"हसायचं का?" तिनं विचारलं.

"तुम्हाला वाटलं तर."

ती विचार करत राहिली.